बोटाखालची ओळ

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण जेवढं शिकले तेवढं पक्कं, म्हणून हे मीच लिहायला घेतलं. सुनेला सांगितलं असतं तर तिने स्वतःलाच त्यातून वगळलं असतं. तिला तशी खोडच आहे.

सून मोबाइलवरच्या एका जपानी खेळाचं मराठी करते. त्यातल्या पोरींचे डोळे बशीएवढे, केस निळे-जांभळे, आणि अंगावर एवढी फडफडणारी वस्त्रं की लढताना पाय अडकून पडत कशा नाहीत हेच नवल. सुरुवातीला मी म्हणायचे, "एवढी शिकलीस ती या बाहुल्यांना बोलायला शिकवायला का गं?"

"बाहुल्यांना बोलता येतंच, आई. त्या काय म्हणतात ते आपल्या माणसांना कळायला नको का?"

खेळ सुरू केला की आधी भाषांची यादी येते. आवाज दोन भाषांत, अक्षरं बारा भाषांत. बाराव्या जागी मराठी. ती जागा मिळवायला सुनेने दोन वर्षं घासली. प्रत्येक बोलणं तीन ओळींच्या चौकटीत बसवावं लागतं, चौथी ओळ बाहेर सांडते. खेळातल्या तलवारवाल्या म्हातारीचा एकेक टोमणा चौकटीत मावेपर्यंत ही कपडे वाळत घालतानाही पुटपुटत असायची. लेक म्हणायचा, "आई, हिला काहीतरी झालंय." मी म्हणायचे, "तिला काम झालंय. तुला कधी झालं नाही म्हणून ओळखू येत नाही."

एके दिवशी दुपारीच घरी आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"मराठी काढताहेत. महिनाअखेरीला."

"का म्हणून?"

"साहेब म्हणतात, मराठी निवडणारे एकही संवाद वाचत नाहीत. बाकीच्या भाषांत लोक थांबतात. आपले लोक चौकट आली की लगेच पुढे. न वाचणाऱ्यांसाठी लिहायचं कशाला?"

"डोकं फिरलंय त्याचं."

"आकडे आहेत, आई. आकड्यांशी भांडता येत नाही."

"मी भांडते. आण इकडे ते."

खरं सांगते, दोन वर्षांत मी त्यातली एक ओळही वाचली नव्हती. चष्मा लावला, मोबाइल टेबलावर ठेवला. म्हातारी बोलायला लागली. मी पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं, तर ओळ गायब. दुसरी आली. बोट टेकवलं. तीही गेली.

"तुझी म्हातारी भलतीच घाईची आहे."

"आई, बोट उचला. हात लागला की पुढचं येतं."

"बोट उचललं तर वाचू कशी? मला बोट लावूनच वाचता येतं. नाहीतर अक्षरं इकडची तिकडे होतात."

सून माझं बोट हातात धरून बघत राहिली. मला वाटलं, काही लागलं की काय.

"आई," ती हळूच म्हणाली, "मराठी कोण निवडतं? ज्यांना इंग्रजी येतं ते तिकडेच जातात. राहतात ती नुकती अक्षरं लावणारी पोरं, आणि..."

"आणि माझ्यासारख्या. बोल की, मी काय मोडणार आहे?"

"उद्या ऑफिसला याल?"

ऑफिस म्हणजे काचेची खोली, आत गारठा, आणि कानांवर वाट्या लावून बसलेली माणसं. साहेब माझ्या लेकाहूनही लहान. खुर्ची मात्र स्वतः ओढून दिली, ते मी लक्षात ठेवलं.

"आजी, तुम्ही एकट्या आहात. आमच्याकडे हजारो खेळाडू आहेत."

"त्या हजारांतल्या एकाला तरी समोर बसवून बघितलंस का रे?"

मी चष्मा लावला आणि त्याच्यासमोर बोट टेकवलं. ओळ गेली. पुन्हा टेकवलं. पुन्हा गेली. तो हसला नाही, हेही लक्षात ठेवलं.

मग सून पुढे सरकली. घरी माझ्यासमोर खाली मान घालणारी पोर, पण तिथे आवाज काय कणखर. "सर, लोक पडद्यावर कुठे हात लावतात त्याची नोंद आहे ना? भाषेप्रमाणे दाखवा."

त्याने दाखवली. बाकीच्या अकरा भाषांत सगळे ठिपके उजव्या कोपऱ्यात, अंगठ्यापाशी. मराठीत कोपरा जवळजवळ रिकामा. सगळे ठिपके पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दाखाली.

साहेब पडद्याजवळ वाकला. "म्हणजे हे वाचायलाच बसले होते."

"आणि तुम्ही पान उलटत होतात," सून म्हणाली.

तिथल्या एका मुलीने तासाभरात एका मोबाइलवर बदल करून आणला. आता कोपऱ्यातला बाण दाबल्याशिवाय ओळ हलत नव्हती. मी बोट टेकवलं आणि वाचलं, मोठ्याने, अडखळत. म्हातारी आपल्या शिष्येला लढाईला धाडत होती: "जा. हरलीस तर मागच्या दाराने ये. पुढच्या दारात मी बसलेली असेन, तू जिंकलीस म्हणून सांगत."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तीन ओळी. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. टोमण्यांत माझा हात आजवर कुणी धरू शकलेलं नाही, पण हे मला सुचलं नसतं. सुनेकडे बघून मी म्हटलं, "बरं लिहितेस." ती घाबरलीच. माझ्याकडून एवढं ऐकायची तिला सवय नाही.

साहेबाने तीन महिने दिले. बाणाचा बदल सगळीकडे गेला. तीन महिन्यांनी आकडे आले, तर प्रत्येक चौकटीवर सगळ्यांत जास्त वेळ थांबतात ते मराठीवाले. साहेब म्हणाला, "सगळ्यांत हळू वाचणारे." सून म्हणाली, "सगळ्यांत नीट." मराठी राहिली.

परवा नवा भाग आला, चारशे संवादांचा. सून जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसली. लेकाने विचारलं, "आज जेवायला काय?" मी म्हटलं, "तू करशील ते." मग तो आत गेला, आणि मागोमाग मीही गेले. भांडी मी घासली. माझ्या हातून आवाज न होता भांडी घासली गेली ती जन्मात पहिल्यांदा.