अकरा भोकं

दाक्षायणीचं मागणं एवढंसं होतं: खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला एक लोखंडी दांडा. त्याला धरून स्वतःच्या पायांनी जायचं आणि यायचं, बस्स. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडल्यापासून दर खेपेला सुनेला हाक मारावी लागे, आणि त्या हाकेनंच बाई अर्धी होई.

पण काम पडलं नवऱ्याच्या हाती. चनबसप्पा म्हणजे मिलमधला निवृत्त फिटर. साधं काम साधेपणानं करील तर शपथ! त्यानं नवंकोरं देशी ड्रिल मशीन आणलं. ते कळताच तिचा भाऊ रेवणप्पा मैंदर्गीहून सकाळच्या एसटीनं हजर. पिशवीत साडूनं कुवेतहून आणलेलं जर्मन मशीन.

“दाजी, ह्येचा आवाज बगा. मांजर घुरघुरल्यावानी.”

“आवाज काय चाटायचाय? दगडात शिरलं पायजे. आमचं शिरतंय की!”

सून दळण आणायला गेलेली. इकडं भिंतीला भोकामागून भोक पडत होतं. जर्मन भोक गुळगुळीत निघालं, तर देशी खोल. काडी घालून खोली मोजली. कुठलं मशीन जास्त तापलं ते हात लावून पाहिलं. मग देशी पुन्हा एकदा, कारण मघाशी म्हणे व्होल्टेज कमी होतं. दांडा कोपऱ्यात तसाच उभा.

दाक्षायणीनं हाक मारली. जड जिभेतून जेमतेम “अवो” निघालं, तेही मशीनच्या घरघरीत गेलं. मग तिनं डावा हात खाटेच्या लाकडावर आपटला. रेवणप्पानं वळून पाहिलं.

“धूळ लागती काय, अक्का? झालंच की आता!” म्हणत त्यानं मायेनं तिच्या तोंडावर पदर ओढला.

पदराआड ती रडली. सासऱ्याचं हगणं-मुतणं तिनं तीन वर्षं नाक न मुरडता काढलं होतं. आज बारा पावलांसाठी ती दोन बाप्यांपुढं हात आपटत होती.

मशिनं थांबली. चनबसप्पानं पदर बाजूला केला.

“आता तूच सांग, कंचं चांगलं? तुज्यासाटीच चाललंय सगळं.”

खाटेखालून ओघळ निघाला होता, भिंतीखाली साचलेल्या भुकटीपर्यंत पोचला होता. रेवणप्पा मान खाली घालून वायर गुंडाळू लागला.

चनबसप्पानं घाईघाईनं दांडा उचलून भिंतीला लावला. अकरा भोकं होती. त्यातली कुठलीच दोन एका ओळीत नव्हती.