मीठमाउलीचं वजन

स्टेशनवरच्या यंत्रात आणा टाकला की तिकीट पडतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य: ‘आपल्या शब्दाला समाजात वजन येईल.’

कैरीच्या फोडींना रात्री मीठ चोळून ठेवावं. सकाळी बरणीत पाणी.

क्रोन हे एका परदेशी डॉक्टरचं नाव. आता ते एका रोगाचं आहे.

मिठागरात काम करणाऱ्याच्या टाचेची भेग उन्हाळाभर मिटत नाही.

“बोला, मीठमाउली की जय!”

ही आरोळी मुलुंडातल्या एका लाकडाच्या वखारीतली. तिथल्या भल्यामोठ्या तराजूला शेंदूर फासला होता आणि साखळ्यांना झेंडूच्या माळा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात माणूस. काटा झुकला की बायका पदर पसरून रडत. आणि मधोमध पाटावर मीठबाबा, ढेरीवर हात फिरवत.

“अन्न म्हणजे चिखल! मीठ म्हणजे समुद्राचं सत्त्व! चिखल सोडा, सत्त्व धरा. खाल्ल्या मिठाला माउली जागते की नाही? काट्याला विचारा!”

गर्दीच्या कडेला शुभा उभी होती, नाकाला पदर लावून. घाम, उदबत्ती आणि एरंडेल यांचा मिळून वास येत होता. पारड्यात तिचा नवरा जयवंत बसला होता. गिरणीतला कारकून, वय तिशीच्या आत, पण अंगावर नुसती हाडं. आधी पोटाचा क्षय म्हणून औषधं झाली. मग दवाखान्याचे डॉक्टर विद्याधर म्हणाले, हा क्षय नव्हे, क्रोनचा आजार. आतडं सुजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. मऊ भात, अंडं, दही, थोडंथोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. धीर धरा.

धीर सासूबाईंनी धरला नाही. रुक्मिणीबाई बाबांकडे धावल्या. पहिल्या दिवशी ‘शुद्धी’: एरंडेल पाजायचं, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि मग पहिलं वजन. पुढे रोज तीनदा मंतरलेलं मीठ, त्यावर तांब्याभर तीर्थ. जेवण बंद.

आठवड्यात जयवंत सात पौंडांनी वाढला.

“बघ गो, माझ्या झिलाचा अंग कसा भरला!” रुक्मिणीबाईंनी सुनेला ढोसलं. “तुझो तो डाक्टर काय करी होतो?”

तराजूत खोट आहे, याबद्दल शुभाला खात्री होती. तिने जयवंतला स्टेशनवर नेलं, यंत्रावर उभं केलं, आणा टाकला. तिकिटावर तोच आकडा.

“यंत्रालाही शेंदूर फासलाय काय गं?” जयवंत हसला. त्याला ते खरं हवं होतं. तिलाही हवं होतं, हेच तर वाईट.

तराजू खरा होता. बाबा खोटा होता. हे दोन्ही एकदम कसं, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. जयवंतचा पाय चपलेत शिरेना.

“पायसुद्धा भरले!” रुक्मिणीबाईंनी आनंदाने टाळी वाजवली.

शुभा खाली बसली. पाय भरले होते, पण दंड तसेच काटकीसारखे. तिने चपलेचा पट्टा ओढायला घोट्यावर अंगठा दाबला, मग उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. तिने जयवंतला टांग्यात घालून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

“हे मांस नाही, पाणी आहे. लोणच्याच्या बरणीत मीठ काय करतं? पाणी ओढतं. इथे मिठाने पाणी अंगात धरून ठेवलं. त्यात पोटात अन्न नाही, रक्त पातळ पडलं, ते पाणी पायांत उतरलं. आधी वाळवून तोलायचा, मग भिजवून तोलायचा! भाजीवाले करतात तसं.”

“आणि असंच चालू ठेवलं तर?”

“छातीत पाणी भरेल. आज जेवू घाला.”

पण जयवंत जेवेना. “बाबांनी सांगितलंय, घास घेतला तर सगळं उतरेल.” आता हे वखारीतच मोडायला हवं होतं. संध्याकाळी शुभा त्याला घेऊन गर्दीत घुसली आणि आधी स्वतः पारड्यात बसली.

“मला तोला.”

तोललं. मग तिने तीर्थाचे दोन तांबे गटागटा प्यायले, ओठ पुसले आणि परत बसली. काटा झुकला.

“माउली मलाही पावली! मंत्राशिवाय, एका मिनिटात! उद्या न्हाणीत गेले की माउली जाईल.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. शुभाने जयवंतचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि नडगी दाबली. पुढचे लोक वाकून खड्डा बघू लागले.

“हा माउलीच्या अंगठ्याचा ठसा!” बाबा ओरडले.

“माउलीच्या कसला? माझ्या!” शुभा सासूकडे वळली. “आई, तुम्ही दाबा.”

रुक्मिणीबाईंनी हात मागे घेतला. मग पुढे केला, दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

“माझ्या झिलाक लोणचा केलस रे मेल्या,” त्या म्हणाल्या आणि बाबांच्या मिठाचं ताट लाथेने उडवलं.

त्या रात्री जयवंत आईच्या हातची पेज प्यायला. पुढच्या आठवड्यात यंत्राच्या तिकिटावर वजन उतरलं, आणि हे सोसणं सगळ्यांत अवघड गेलं. सूज ओसरत होती, म्हणजे तो बरा होत होता. मग कुस्करलेला भात, अंडं, दही, उकडलेला मासा, दर दोन-तीन तासांनी वाटीभर. महिन्याला पौंड, कधी अर्धा, कधी पुन्हा दुखणं आणि तोही गेला. आजार गेला नाही. दंडावर मात्र मांस आलं, अंगठा दाबला तरी खड्डा न पडणारं.

वाचकहो, काटा खोटं बोलत नाही, पण काय तोललं हेही तो सांगत नाही. ते आपण विचारायचं असतं. विचारायला पैसे पडत नाहीत, कुणाचा देवही बाटत नाही.

मुलुंडला येण्याआधी बाबा पनवेलला होते. तिथे माणिक नावाची एक मुलगी पंधरवड्यात अकरा पौंडांनी वाढली. खांदा देणाऱ्यांनाही ती जड लागली.