मॉरिसचे ब्रेक

दिगंबर गुरुजींनी मॉरिस घेतली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बहादरपूरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती दहा वर्षं पडून होती. १९५६ सालची गाडी, मूळ रंग कोणता हेही कळेना. गुरुजी बुऱ्हाणपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी ती बैलजोडी लावून बुधवाऱ्यातल्या आपल्या घरी आणली, आणि पुढच्या सहा वर्षांतले सगळे रविवार घरामागच्या शेडमध्ये काढले.

सोबतीला मुलगा, हर्षल. चार वर्षांचा असल्यापासून तो नट-बोल्ट रॉकेलात धुऊन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचा. पाय पुरायला लागले तसं त्याला मोठं काम मिळालं. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पेडल नुसतं खाली जातं, ब्रेक लागत नाही; ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडायची. चाकामागून वडिलांचा, अण्णांचा, आवाज यायचा, "दाब. धर. सोड." हर्षल सीटच्या कडेवर घसरून, स्टिअरिंगला लोंबकळत पेडल दाबायचा. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली त्या दिवशी हर्षलच्या आईनं, सुलभाबाईंनी, सगळ्या गल्लीला मावा-जिलबी वाटली होती, आणि हर्षल खिडकीतून हात बाहेर काढून मिरवला होता.

सोळा वर्षांचा असताना, एका शनिवारी अण्णा शाळेत होते तेव्हा, त्यानं खुंटीवरची किल्ली घेतली आणि न विचारता गाडी काढली. गल्लीबोळातून ठीक गेली. नदीकडे जाणाऱ्या राजघाटाच्या उतारावर ती थांबेना. शेवटी त्यानं ती एका ओट्यावर घातली. पुढचा मडगार्ड चेपला, त्याला मात्र खरचटलंही नाही. अण्णा जाऊन गाडी घेऊन आले. रागावले नाहीत, बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेडला कुलूप होतं.

त्यानंतर त्यांनी हर्षलला शेडमध्ये कधी हाक मारली नाही. त्यानंही विचारलं नाही. तो इंदूरला शिकला, तिथेच बँकेत लागला. सणासुदीला घरी यायचा, अण्णांशी पगाराचं, हवेचं बोलायचा, आणि मागच्या अंगणात जायचं टाळायचा.

यंदा दिवाळीला आल्यावर त्याच्या मुलीनं, बारा वर्षांच्या तृप्तीनं, शेडच्या फटीतून आत पाहिलं.

"आजोबा, ये चलती है क्या?"

"चालते. पण ब्रेकची हवा काढावी लागेल. पेडलवर बसशील?"

सकाळचं ऊन शेडच्या दारातून आत आलेलं. तृप्ती सीटवर बसली. गुरुजी मागच्या चाकापाशी जुन्या पोत्यावर टेकले. दोन वर्षांपासून त्यांचे हात कापत होते. पाना स्क्रूवर बसेना. बसला की निसटायचा. तृप्ती पेडल दाबून वाट बघत राहिली. तिसऱ्यांदा पाना खाली पडला तेव्हा तिनं घराकडे तोंड करून हाक मारली, "पप्पा, आओ ना. आजोबांच्या हातातून पाना सुटतोय."

हर्षल दारात येऊन क्षणभर थांबला. मग बाह्या वर करून पोत्यावर बसला आणि अण्णांच्या हातातून पाना घेतला.

"दाब," तो म्हणाला. "धर. सोड."

चारही चाकं व्हायला तासभर लागला. मग गुरुजींनी तृप्तीला उतरवलं, स्वतः आत बसले आणि पेडल दाबून पाहिलं. अर्ध्यातच घट्ट झालं. ते पाय तसाच ठेवून बसून राहिले.

"हर्षल, त्या शनिवारी हे पेडल असं नव्हतं."

"कोणत्या?"

"राजघाटाच्या. आदल्या दिवशी मी मागच्या ब्रेकचं रबर बदललं होतं. हवा काढायची राहिली होती. म्हटलं, रविवारी आपण दोघं काढू. तुला सांगितलं नाही. किल्लीही खुंटीवरच ठेवली."

हर्षल फडक्यानं बोटं पुसत होता. तो थांबला. "मला वाटायचं, मी घाबरून ब्रेकऐवजी क्लच दाबला."

"ब्रेकच दाबला होता तू. मी गाडी आणायला बसलो तर पेडल पार खाली गेलं. आणि पुढे दहा हातांवर घाटाच्या पायऱ्या."

"मग सांगितलं का नाही?"

"लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग तुझी परीक्षा आली. मग तू इंदूरला गेला. कुलूप लावलं ते तू परत हिच्यात बसू नये म्हणून. पोराला मारलं असतं मी."

"मला वाटलं, मीच नको होतो तुम्हाला शेडमध्ये."

गुरुजींनी जोरानं नकारार्थी मान हलवली.

"सत्तावीस वर्षं, अण्णा," हर्षल म्हणाला. तो उठून अंगणातल्या नळापाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. सुलभाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी दोघांची तोंडं पाहिली. कप बॉनेटवर ठेवले, तृप्तीच्या गालावरचं ग्रीस पदरानं पुसलं आणि परत गेल्या.

हर्षलनं उभ्या उभ्या चहा संपवला. मग अण्णांकडे हात पुढे केला.

"किल्ली द्या. इच्छापूरला जाऊन येऊ. तुम्ही तिकडून बसा."

गुरुजी उतरले, गाडीला वळसा घालून डावीकडे बसले. गाडी घेतल्यापासून त्या बाजूला ते कधीच बसले नव्हते. इच्छापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि मॉरिस चाळीसच्या वर जायला तयार नव्हती. मागून तृप्तीचे प्रश्न चालू होते. गियर कधी बदलायचा, हा आवाज कशाचा. पहिल्या काही प्रश्नांना गुरुजींनी उत्तरं दिली. नंतर हर्षलच देऊ लागला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

इच्छादेवीच्या देवळाच्या पायऱ्या हर्षल आणि तृप्ती चढून आले. गुरुजी खाली गाडीपाशी थांबले.

परतीच्या वाटेवर एक ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून पुढे गेला.

"पप्पा, थोडा तेज चलाओ ना."

"हळू बोल," हर्षल म्हणाला. "आजोबा झोपलेत."