फादरना सांगितलंय

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात बालसुरक्षेचा फलक लावायचा होता. मजकूर लिहायचं काम विज्ञान शिकवणाऱ्या तरुण सिस्टरकडे आलं, कारण तिचं वाक्य लांबलं तरी वाकडं होत नसे. मुली तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि फारसं वाईटही वाटत नव्हतं.

तिचा पहिला मसुदा दोन पानी झाला. मदर सुपिरियरनी तो चष्मा वरखाली करत वाचला आणि हे मुलींसाठी आहे की वकिलांसाठी, असं विचारलं. कन्फेशनबद्दलच्या परिच्छेदावर तर त्यांनी सरळ आडवी रेघ मारली. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत हे लहान पोरींनाही पाठ असतं, मग फलकावर जागा कशाला अडवायची? स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरनी फलक जेवणघरात लावायला सुचवलं. तिथे हजेरी न घेताही सगळ्या हजर असतात म्हणून. शेवटी मोठ्या अक्षरांत एवढंच उरलं: ‘कुणाच्या वागण्याचा त्रास झाला तर सिस्टरना, फादरना किंवा खालच्या नंबरवर सांगा. तुमचं ऐकलं जाईल आणि त्यावर कारवाई होईल.’

फलक नुसता टांगून भागणार नव्हतं. फूटपट्टी एकेका वर्गाला तो समजावून सांगू लागली, पण मध्येच परीक्षा आल्या आणि आठवीची पाळी बरीच उशिरा आली. तास संपल्यावर एक मुलगी परीक्षानळ्या विसळण्याच्या निमित्ताने प्रयोगशाळेत रेंगाळली. किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळ्या टाचणी म्हणत.

“सिस्टर, कारवाईला किती दिवस लागतात?”

कळल्या दिवशीच सुरुवात होते, असं फूटपट्टीने सांगितलं.

“मग माझी राहूनच गेली. मी फादरना कधीच सांगितलंय.”

कुठे, असं विचारल्यावर ती म्हणाली, कन्फेशनला. ऑर्गन शिकवायला येणारे सर तालीम संपली की तिला एकटीला थांबवून घेत आणि दार लावून घेत. त्यापुढचं ती थोडंसंच बोलली. फूटपट्टीने खोदून विचारलं नाही. तसं करायचं नसतं हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

“फादर म्हणाले, बाहेर कुणाला तरी सांग. मला कळेना, त्यांनाच तर सांगितलं होतं. ते कुणाला सांगणार नाहीत हे माहीत होतं मला. पण फलकावर लिहिलंय ना, कारवाई होईल. मला वाटलं, न सांगता काहीतरी करतील.”

फूटपट्टीने नळ बंद केला.

“तू बरोबर वागलीस. चुकलंय ते फलकात. हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, आत्ता मदरना सांगणार आहे. सोबत येतेस?”

टाचणीने हात स्कर्टला पुसले आणि निघाली.

मदरनी सगळं ऐकलं, एकदाही चष्म्याला हात न लावता. फलकावरचा नंबर त्यांनी स्वतः फिरवला. बालसंरक्षण अधिकारी बाई दुपारी येणार होत्या. तालीम रद्द झाली, आणि सरांना आत सोडायचं नाही असं फाटकावर कळवलं गेलं. मग मदरनी तो काढलेला परिच्छेद अजून आहे का, असं विचारलं.

परिच्छेदातून फूटपट्टीने दोनच वाक्यं घेतली आणि ती फादरना दाखवायला नेली. हे कशामुळे, ते तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. ‘कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कुणाला सांगू शकत नाहीत आणि त्यावर काही करूही शकत नाहीत. मदत हवी असेल तर ते बाहेर येऊन पुन्हा सांगा.’ फादरनी कागद वाचून परत दिला.

“अक्षर मोठं करा,” ते म्हणाले. “आणि एक प्रत कन्फेशनच्या खोलीच्या दारावर लावा. आतल्या बाजूने.”

दुपारी पाहुण्यांच्या खोलीबाहेर टाचणी भिंतीला टेकून उभी होती. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं का, असं तिने विचारलं. फूटपट्टी हो म्हणाली.

“मग ही शेवटची वेळ ना?”

“ते मला नक्की माहीत नाही. पण या बाई ऐकून थांबणार नाहीत, एवढं माहीत आहे. आणि मी शेजारी बसते.”

टाचणीने जरा विचार केला. मग दार तिनेच ढकललं, आणि आत गेल्यावर ते उघडंच राहू दे म्हणाली.