वरच्या टप्प्यावरची चीर

सारीकुदुकच्या खाणीत नवं खोदयंत्र आलं त्या दिवशी अख्खं गाव रेल्वेफाट्याकडे धावलं. गेला नाही तो एकटा एसबेरगेन. तो आपल्या जुन्या यंत्राच्या पट्ट्यांना ग्रीस चोळत बसला, आणि जो तो जाता-येता त्याला सांगून जात होता, "एसबेरगेन आगा, बादली बघितली का? आत म्हणे उंट बसेल!"

"बसू दे. उंटालाच चालवायला दिलंय."

उंट म्हणजे तजिमुरात. उंच, लांब मानेचा, सदा हसरा. दोघं एकाच वस्तीतले, अमू नदीच्या मुखाजवळच्या मच्छीमारांपैकी. एसबेरगेन बारा वर्षांपूर्वी आला तेव्हा इथं एक खारी विहीर आणि सहा तंबू होते. सोनं खडकात होतं म्हणतात, पण दिसायची ती वाळूच. डोंगराचा पहिला घास एसबेरगेनच्या यंत्रानं तोडला. दोन वर्षांनी त्यानंच पत्र धाडून तजिमुरातला बोलावून घेतलं, शेजारी बसवून दांडे धरायला शिकवलं. त्याची बायको बीबीसानेम तान्ह्या पोरीला घेऊन ट्रकमधून उतरली, तेव्हा आपला तंबू त्यांना दिला.

मग तंबूंच्या जागी बराकी आल्या, पुढं शाळा, रुग्णालय, चार मजली इमारती. अमूचं गोडं पाणी वाळवंट ओलांडून नळानं आलं. गाव असं वाढत गेलं, आणि एसबेरगेनला वाटत गेलं की आपण तेवढेच आखडत चाललोय.

चार मजली इमारतीत घर मिळालं तजिमुरातला, कारण आता त्याला चार मुलं होती. एसबेरगेन आणि गुलपरशीन दोघंच, म्हणून अजून बराकीच्या एका खोलीत. खाणीच्या वर्तमानपत्रात फोटो आला तोही तजिमुरातचा. एसबेरगेन खरं तर शेजारीच उभा होता. छापताना त्याचा एक कान तेवढा शिल्लक राहिला.

"कान झकास आलाय हो," गुलपरशीन म्हणाली. तो हसला नाही, तसा तिनं विषय बदलला आणि तो नेमका आगीत तेल ओतणारा निघाला. "बीबीसानेमकडे गेले होते. टरबूज नळाखाली गार करत ठेवलं होतं तिनं. नुसती चावी फिरवायची! आपण बसतोय बादल्या घेऊन रांगेत."

"मग तिच्याकडेच जाऊन राहा."

"जळता कशाला? माणूस चांगला आहे तो."

"चांगला आहे ना, तेच तर!" एसबेरगेन ओरडला. तजिमुरात उर्मट असता, कामचुकार असता, तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

महिन्याभरानं त्याला राहवलं नाही. पाळीप्रमुख रावीलकडे जाऊन तो म्हणाला, "तजिमुरात नवं यंत्र नुसतं रगडतोय. वाट लावणार तो त्याची." यंत्र तपासलं गेलं. त्यात काहीच खोट निघाली नाही.

"आगा," रावील सगळ्यांदेखत म्हणाला, "पोटात दुखतंय ते तुमच्या. यंत्राच्या नाही."

ते वाक्य दुपारपर्यंत खाणभर झालं. एसबेरगेन दोन दिवस मान खाली घालून वावरला.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी आठच्या सुमाराला तो वरच्या टप्प्यावरून आपल्या यंत्राकडे चालला होता. खाण म्हणजे प्रचंड मोठा खड्डा, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत गेलेला. आदल्या दिवशी सुरुंग उडवले होते. कडेपासून सातआठ पावलांवर त्याला जमिनीत एक चीर दिसली, बोटभर रुंद, कडेला समांतर लांबवर गेलेली. त्यानं वाकून खाली पाहिलं. बरोबर त्या भिंतीच्या पायथ्याशी तजिमुरातचं नवं यंत्र खडक भरत होतं.

दूरध्वनीची टपरी तीनशे पावलांवर होती. एसबेरगेन तिकडे वळला आणि थांबला. रावील काय म्हणेल ते त्याला आताच ऐकू येत होतं: आगा, पुन्हा पोटात दुखायला लागलं का? भिंती तपासणं हे मोजणीदार बाई सोफ्या हिचं काम. ती येईल सोमवारी. तशा चिरा पडतातच. हे सगळं खरं होतं. पण खाली तजिमुरातच्या जागी दुसरा कुणी असता तर आपण आतापर्यंत पळत सुटलो असतो, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं चिरेवर एक आगकाडी आडवी ठेवली आणि कामाला लागला. जेवणाच्या सुटीत येऊन पाहिलं तर काडी आत पडली होती.

भोजनगृहात तो सूप घेऊन बसला. आता सांगायचंच, असं ठरवून त्यानं मान वर केली, तर तजिमुरात स्वतःच वाटी घेऊन समोर येऊन बसला.

"आगा, रागावणार नसाल तर एक सांगतो. आमच्या जिन्यावरचं एक घर रिकामं होतंय. ते तुम्हाला द्या म्हणून मी घरवाटप समितीकडे अर्ज दिलाय."

"तुला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. बराकीत गारठा असतो, वहिनींचे गुडघे..."

"तिचे गुडघे तू कशाला मोजतोस? तू इथं आलास तेव्हा कुणाच्या तंबूत राहिलास रे? आता तू मला भीक घालणार?"

आजूबाजूचे चमचे थांबले. तजिमुरातचा चेहरा उतरला. "चुकलं आगा," म्हणून तो उठला. जिभेवर आलेली गोष्ट एसबेरगेननं भाकरीच्या तुकड्याबरोबर गिळून टाकली.

परत जाताना त्याचे पाय आपोआप चिरेपाशी गेले. आता तिच्यात त्याचा पंजा गेला असता. कडेवरचे बारके खडे आपसूक खाली घरंगळत होते. टपरी गाठायला वेळ नव्हता. त्यानं जवळच्याच आपल्या यंत्रावर चढून भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. खालून दोन आखूड, आनंदी भोंगे आले. तजिमुरातला वाटलं, आगाचा राग गेला.

मग एसबेरगेन पळाला. एकोणपन्नास वर्षांचा, जड अंगाचा माणूस उतारावरून हात हलवत, ओरडत सुटला. भिंतीखाली पोचून त्यानं तजिमुरातला दंडाला धरून खाली ओढलं.

"यंत्र मागे घेतो ना!"

"मरू दे यंत्र! पळ!"

वीस-पंचवीस पावलं गेले असतील. मागे आवाज झाला तो गडगडाटासारखा नव्हता. कुणीतरी लांब श्वास सोडावा तसा होता. धूळ खाली बसली तेव्हा नव्या यंत्राची फक्त सोंड वर दिसत होती. तजिमुरात जमिनीवर पडला होता. एक मोठा दगड त्याच्या डाव्या पायावर होता.

गुडघ्याखाली पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यापासून तो येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, "आगा नसते तर मी आत्ता भिंतीखाली असतो." आठवड्याभरात एसबेरगेनचा फोटो छापून आला, या वेळी अख्खा, आणि खाणीच्या मानाच्या फलकावरही लागला. समितीनं त्या जिन्यावरच्या घराची किल्ली दिली. आणि भिंत तपासली नाही म्हणून सोफ्याला कामावरून काढायचं ठरलं. तिनं त्याआधीच्या सोमवारी तपासली होती, तेव्हा चीर नव्हती. पण तिचं ऐकतो कोण?

जे जे डोळ्यांत खुपत होतं ते सगळं हातात आलं होतं, आणि एसबेरगेनला अन्न जाईना. तो रुग्णालयात गेला. तजिमुरातनं उशीला टेकून हात पुढे केला. तो हात एसबेरगेननं धरला नाही.

"ती चीर मी सकाळीच पाहिली होती."

"कुठल्या सकाळी?"

"त्याच दिवशी. आठ वाजता. आगकाडी ठेवून बघितली. जेवणाआधी ती आत पडली होती."

तजिमुरातचं हसू हळूहळू ओसरलं. "म्हणजे मी तुमच्यासमोर बसलो होतो तेव्हा..."

"तेव्हा ठाऊक होतं."

"का आगा?"

उत्तर होतं, पण इतकं क्षुद्र की तोंडाबाहेर काढायची लाज वाटत होती. "तुझं सगळं मला सलत होतं. घर, यंत्र. तुझं हसणंसुद्धा."

तजिमुरातनं चादरीखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "हे मला काय सांगताय? त्या सोफ्याची नोकरी जायच्या आत तिथं जाऊन सांगा."

एसबेरगेननं तिथून थेट जाऊन चौकशी करणाऱ्यांना सगळं सांगितलं. सोफ्या कामावर राहिली. त्याच्याकडून यंत्र गेलं, फलकावरचा फोटो उतरला. किल्ली त्यानं स्वतःच टेबलावर ठेवली. त्याला पंपघरावर धाडलं. गुलपरशीन तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "त्या घरात मला झोप लागली नसती, हे खरं. पण खरं बोलायला तुम्हाला आठवडा का लागला?"

नऊ वर्षं गेली. गावात दुसरी वसाहत उभी राहिली, रस्त्यांच्या कडेला एल्मची झाडं सावली धरू लागली. तजिमुरात लाकडी पाय लावून यंत्रचालकांच्या शाळेत शिकवायचा. समोरून एसबेरगेन आला तर तो रस्ता बदलायचा नाही. बोलायचा मात्र नाही.

एका हिवाळ्यात बीबीसानेम पंपघराच्या दारात आली. "थोरलीचं लग्न आहे. ती म्हणते, तुम्ही दोघं आलात तरच सासरी जाईन. तंबूत ती रडायला लागली की वहिनी तिला मांडीवर घ्यायच्या, ते मी तिला सांगितलं होतं." थांबून ती म्हणाली, "यांनी 'या' असं म्हटलेलं नाही. 'नको' असंही म्हटलेलं नाही."

एसबेरगेन गुलपरशीनला घेऊन गेला आणि स्वतः दारापाशी, सगळ्यात कमी मानाच्या जागी बसला. तजिमुरात पाहुण्यांतून वाट काढत, लंगडत त्याच्यापर्यंत आला.

"आगा, आत सरका. दारात वारा लागतोय."

"इथंच बरं आहे."

"मी विसरलेलो नाही," तजिमुरात हलक्या आवाजात म्हणाला. "पण पोरीच्या लग्नात कुणी दारात बसायचं नाही."

त्यानं हात पुढे केला. या खेपेला एसबेरगेननं तो धरला आणि उठला. आत जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या लांब दस्तरखानाभोवती तजिमुरातची मुलं, व्याही, शाळेतले विद्यार्थी दाटीवाटीनं बसले होते. सगळे तजिमुरातचंच नाव घेऊन प्रेमानं थट्टा करत होते. ते बघताना एसबेरगेनच्या छातीत पुन्हा बारीकसं काही टोचलं. त्यानं ते ओळखलं. मग सरकून शेजारच्या म्हाताऱ्याला जागा करून दिली आणि मांसाचं ताट त्याच्यापुढं ढकललं.