जाळीतली पाटी

स्वप्नांवर विश्वास ठेवायचा नाही, हे भागीरथाबाईला लग्नाआधीपासून पक्कं ठाऊक होतं. तरी वारलेला नवरा, देवीदास, हल्ली दुपारच्या डुलकीत यायचा, सदऱ्याची बटणं सोडायचा आणि म्हणायचा, "भागीरथा, हवा येऊन नाही राहिली वं." बाई अर्धवट झोपेतच उठून पंख्याचं तोंड त्याच्या फोटोकडे फिरवायची. आता हे सांगणार कोणाला? साऱ्या कॅम्प-१ वस्तीत हसं झालं असतं.

वस्तीतला बुद्धविहार शामराव नावाच्या वास्तुकारानं बांधलेला. माणूस नागपूरकडचा, पण भिलाईचं ऊन ओळखून होता. पश्चिमेची अख्खी भिंत त्यानं विटांच्या जाळीची केली. संध्याकाळी वंदनेला बसलेल्यांच्या अंगावर उजेडाचे चौकोन पडत, आणि पोलादाच्या प्लांटमधून भाजून आलेली माणसं तिथं वाऱ्यावर निवत. पुढे घरातलं कोणी गेलं, की लोक त्याच्या नावाची संगमरवरी पाटी जाळीच्या भोकात बसवू लागले. प्रेमच ते, पण त्या प्रेमानं भिंत बुजली. देवीदासची पाटी शेवटची.

आता शामरावांच्या इमारती जपायच्या, म्हणून वास्तुकला शिकणारी भागीरथाबाईची नात करिष्मा घरोघर फिरली. नावं दाराजवळच्या एका शिळेवर कोरू, पण जाळी मोकळी करू, असं तिनं समजावलं. सगळे तयार झाले. अडून बसली ती तिचीच आजी.

"सबका हो गया, आजी. तूच कावून नाही म्हणून राहिली?"

"माया हातानं बसवलं त्याइचं नाव. मले नाही काढवत."

त्या दुपारी देवीदास पुन्हा आला. या खेपेला तो विहारातल्या आपल्या नेहमीच्या जागी बसला होता, तोंड बुजलेल्या जाळीकडे करून. नुसती बटणं सोडत राहिला. बाई जागी झाली तेव्हा फोटोसमोर पंखा भरभर चालूच होता. तिनं तो बंद केला, चपला घातल्या आणि विहार गाठला.

पाटी काढा म्हणाली; का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. गवंड्यानं छिन्नी लावून पाटी काढली, ती तिनं पदरात घेतली. उजेडाचा एकच चौकोन सतरंजीवर पडला, देवीदास बसायचा नेमका तिथं. बाईचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दमलेली करिष्मा येऊन त्या उजेडातच फतकल मारून बसली. तिथं नको, म्हणायला बाईनं तोंड उघडलं. मग ती नातीशेजारी टेकली आणि हळूच विचारलं, "हवा येऊन राहिली का वं?"

"येऊन राहिली न, आजी."