लाल रंगाखालचा चाकू

साहेब, तुम्ही माणूस पुरलात आणि त्याचा खिसा भंगारात विकलात. हे तोंडावर सांगायला मी तुमच्या टेबलापुढे उभा होतो, पण तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणून आता चारचौघांत सांगतो. ज्याला झोंबेल त्याने झोंबून घ्यावं.

माझा थोरला भाऊ विजेच्या तारा जोडायचा. परगावी कामावर जातो म्हणून निघाला आणि गेला तो गेलाच. पोलीस ठाण्यात सांगितलं, "सापडला की कळवू." तेव्हापासून वहिनी दाराला आतून कडी लावत नाही. हे कधीही येतील, कुठल्याही वेळी येतील, आणि दार बंद दिसलं तर माघारी फिरतील, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी एकदा म्हटलं, "वहिनी, चोर शिरला तर?"

"शिरू दे की. तुमचे गंजके चाकू नेईल. घर तरी मोकळं होईल, भाऊजी."

माझा उद्योग हाच. घडीचे, खिशात मावणारे जुने चाकू शोधायचे, ओळखायचे, पुन्हा चालते करायचे. जुन्या बाजारात चाकू कधी समोर मांडलेला नसतो. वाकड्या चमच्यांच्या ढिगात, किल्ली हरवलेल्या कुलपांखाली तो गंजाचा गोळा होऊन पडलेला असतो. उचलायचा, पातं नखाने हलतं का बघायचं. नाही हललं तर जोर करायचा नाही, पात्याचा तुकडा पडतो. पात्याच्या बुडाशी थुंकी लावून अंगठा चोळला की कारखान्याचा शिक्का वर येतो. आणि पात्याकडे नीट पाहिलं तर मालकही कळतो. पोट झिजलेलं असेल तर रोज दगडावर घासणारा शिस्तीचा माणूस. टोक मोडलेलं असेल तर चाकूने डबे उघडणारा गाढव.

बाजारात माझा निम्मा माल झाकणवालीकडून येतो. तिच्यापुढे पातेली नाहीत, बरण्या नाहीत, नुसती झाकणं. म्हणते, भांडी हरवत नाहीत, झाकणं हरवतात. झाकणांच्या मागे एका पत्र्याच्या डब्यात किरकोळ लोखंड असतं. त्यात हा चाकू होता. गंजून दगड झालेला. मुठीची एक बाजू शिंगाची, ती फुगून तडकलेली. दुसऱ्या बाजूवर लाल रंग फासलेला आणि त्यावर पांढरे आकडे.

"परदेशी आहे," झाकणवाली म्हणाली.

"मावशी, तार सोलायचा चाकू आहे हा. प्रत्येक वायरमनच्या खिशात असतो."

"मग तुझ्या खिशात का नाही? घ्यायचा तर घे, नाहीतर सरक. झाकणांवर सावली पडते."

घेतला. असले चाकू मी सोडत नाही. का सोडत नाही ते मला ठाऊक होतं आणि वहिनीलाही. आम्ही दोघं त्यावर बोलत नव्हतो.

ते आकडे मी वाचले नाहीत. आमच्या कामात रंग म्हणजे घाण. कोणी हौसेने फासलेला असतो, कोणी चोरी लपवायला फासलेला असतो. खालची खरी मूठ बघायची तर आधी रंग काढायचा, मग बाकीचं. वर्षानुवर्षं हात तसाच चालतो. चाकू रॉकेलमध्ये भिजत टाकला, गंज सैल झाल्यावर थिनरचा बोळा घेतला आणि लाल रंग निघेपर्यंत घासत बसलो. खाली साधं लाकूड निघालं. बोळा चुलीत गेला.

मग तेलाचे थेंब सोडत, पातं केसाएवढं हलवत, पुसत, पुन्हा तेल सोडत चाकू उघडला. आणि चालतोय का बघायला मिटला.

टक्. टुक्.

आत वहिनी भांडी लावत होती. एक ताट खाली पडलं. ती ओल्या हातांनी बाहेर आली, माझ्याकडे न बघता सरळ दाराशी गेली, दार सताड उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. शेजाऱ्याची सायकल भिंतीला टेकलेली होती.

"आले ना हे?" तिने बाहेर बघतच विचारलं.

मग वळली आणि तिला माझ्या हातातला चाकू दिसला.

कोणत्याही चाकूची पाठीमागची स्प्रिंग पातं मिटताना एकदाच वाजते. दोनदा वाजणारा चाकू माझ्या माहितीत एकच. दादाच्या चाकूची स्प्रिंग तुटली तेव्हा मी झिजलेली कानस तापवून, मऊ करून, घासून तिची नवी बनवली, कडक व्हायला पाणी दिलं, बसवली. शिकाऊ होतो, एक उंचवटा राहून गेला. त्यामुळे पातं अर्ध्यावर एकदा अडखळायचं. मी काढून देतो म्हणालो तर दादा म्हणाला, "राहू दे. आता ह्याला जीभ फुटली." तेव्हापासून तो उंबऱ्यावर चाकू मिटून आत यायचा. आमच्या घरची बेल तीच होती.

मी खिळे ठोकून काढले, मूठ सोडवली. स्प्रिंगच्या आतल्या अंगाला कानशीचे दाते अजून दिसत होते. आणि ते साधं लाकूड म्हणजे आईच्या मोडक्या छत्रीची मूठ होती, मीच कापून बसवलेली. इतका वेळ मी माझ्याच कामावर थिनर घासत होतो आणि मला कळलं नाही.

वहिनी म्हणाली, "परत जोडा." जोडला. तिने तो हातात घेतला, पण मिटला नाही. तिचा उघडा चाकू धरलेला हात मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी झाकणवालीला गाठलं. "मावशी, तो लाल रंगाचा चाकू कुठून आला?"

"लाल रंगाचा ना? तो सगळा माल सरकारी कोठारातला. बेवारस मढ्यांच्या खिशातून निघालेला. गोणीने विकायला काढतात. प्रत्येक मढ्याचा आकडा वेगळा असतो." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोण होतं तुझं?"

"भाऊ."

"आकडा काय होता?"

"पुसला."

तिने दोन झाकणं इकडची तिकडे केली. "अरे मेल्या," ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं एवढं साफ करायला?"

साहेब, इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सांगणार नाही. म्हणून मी सांगतो. कोठाराच्या तुमच्या कचेरीत मी आणि वहिनी गेलो. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तुमची बॅग बसली होती.

"आकडा?" तुम्ही विचारलंत.

"पुसला गेला."

"सरकारी खूण पुसलीत तुम्ही."

"भंगारात विकलेल्या मालावर सरकारी खूण कुठली आली? पण चाकू माझ्या भावाचा आहे. ही स्प्रिंग मी केलेली आहे, ऐका." मी तो मिटून दाखवला. टक्, टुक्.

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. "आवाजावरून मढं ओळखायचं म्हणजे कमालच आहे."

तुम्ही म्हणालात, आकड्याशिवाय कोणतं प्रेत ते सांगता येत नाही. म्हणालात, कोठारात बाकांवर विसरलेलं सामानही येतं, चोरांकडचंही येतं, सगळं एकत्र होतं. "तुमच्या भावाने विकलाही असेल. जिवंतही असेल."

वहिनीने "जिवंतही"मधला तो "ही" झेलला. मला दिसलं. बुडणारं माणूस काडी धरतं तसं नाही, काडीही नव्हती ती. तरी तिने पदर नीट केला आणि विचारलं, "विकला असेल, होय ना?"

दादा हात विकेल, चाकू विकणार नाही. हे तिलाही माहीत होतं.

मग तुम्ही म्हणालात, "हे धारदार हत्यार आहे. जमा करा." तुमच्या कोठीवाल्याने चाकू घेतला. त्याने डब्यात कुंचला बुडवला आणि मी उघडं केलेल्या आईच्या छत्रीच्या लाकडावर लाल रंग फासला. वाळायला फुंकर मारली. त्यावर पांढऱ्या रंगाने नवा आकडा काढला. माणूस वाईट नव्हता, अक्षरही सुंदर होतं. "आता ह्याला नंबर आहे," तो म्हणाला. "आता हरवायचा नाही."

मी तिथे ओरडलो. शिव्याही दिल्या, त्या इथे लिहीत नाही. मला दोघांनी धरून बाहेर काढलं. वहिनी मागून शांतपणे चालत आली.

घरी माझी कानस, रॉकेलचा डबा, तेलाची बाटली तशीच पडून आहे. झाकणवालीने दोन चाकू बाजूला काढून ठेवलेत, रंग न लागलेले. घ्यायला गेलो नाही. आता कोणत्याही चाकूवरचा डाग पुसायला हात उचलत नाही, आणि डाग न पुसता ह्या कामात करायचं काय?

आज दिवेलागणीला वहिनी दाराशी उभी राहिली. कडीवर हात होता. कडी इतकी वर्षं न हलल्याने गंजून बसली आहे, हे मला बसल्या जागेवरूनही दिसत होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "कडी लावू का?"

साहेब, मी तिला काय सांगू? लाव म्हटलं तर मी दादाला मारला. लावू नकोस म्हटलं तर तिला जन्मभर त्या उंबऱ्यावर उभी केली. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्याकडे आहे. तुमच्या कुठल्या तरी जमिनीत, कुठल्या तरी आकड्याखाली आहे. ती अजून दाराशी उभी आहे. मान वर करा आणि सांगा, लावायची का कडी?